यूएफओ दिसला आणि माणूस मेला? फॉरवर्ड करण्याआधी हे वाचा

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. मी नाशिकला घरी होतो. पावणेआठनंतर फॅमिली ग्रुपवर धडाधड व्हिडिओ यायला लागले. आकाशातून जळत, तुकडे होत जाणारी प्रकाशाची रेघ! कुणी म्हणे उल्का, कुणी म्हणे विमान पडलं. माझ्या चुलतभावाने तर ठोकूनच दिलं, "यूएफओ आहे, माणसंपण मेलीत म्हणे." मी हसून सोडून दिलं.

गेल्या आठवड्यात त्याच ग्रुपवर 'यूएफओ दिसल्यानंतर गूढ मृत्यू' अशी रील आली. या वेळी मात्र नीट उत्तर द्यायचं ठरवलं.

तेव्हा आकाशात काय होतं?

चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे ३ मीटर व्यासाची धातूची रिंग पडली. परिसरात धातूचे गोळेही सापडले. अवकाशातल्या वस्तूंचा माग ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांच्या मते तो फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा होता. इस्रोचं पथकही पाहणीला आलं. आणि मृत्यू? एकही नाही. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

ओळखायची सोपी खूण म्हणजे वेळ. उल्का बहुतेकदा एक-दोन सेकंदांत विझते. रॉकेटचा तुकडा तिच्यापेक्षा हळू, सेकंदाला साधारण ७-८ किलोमीटर वेगाने आणि जवळजवळ आडवा येतो, त्यामुळे अर्धा-एक मिनिटही दिसू शकतो. एका रांगेत शांतपणे सरकणारे दिवे असतील, तर ते बहुधा स्टारलिंकचे उपग्रह.

मग मृत्यू कुठून आले?

२००२ च्या उन्हाळ्यात उत्तर प्रदेशात 'मुँहनोचवा'ची दहशत पसरली. रात्री एक चमकणारी वस्तू येते आणि तोंडावर ओरखडे काढते, असं लोक सांगत. काही मृत्यूही तिच्या नावावर टाकले गेले. डॉक्टरांनी सामूहिक भीतीकडे बोट दाखवलं. पण एक मृत्यू अजिबात गूढ नव्हता. 'त्याला पकडा' म्हणत जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात एक माणूस गेला.

लांब कशाला जायचं? १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. कारण काय, तर मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा. त्याच रात्री आपल्या नाशिक जिल्ह्यात, मालेगावला जमाव पाच जणांवर धावून गेला. त्यांच्यात एक लहान मूलही होतं. पोलिसांनी त्यांना कसंबसं वाचवलं. त्या काळात देशभर फिरलेला एक व्हिडिओ तर कराचीतल्या जनजागृतीच्या जाहिरातीतून कापलेला होता!

म्हणजे बघा, २०२२ मध्ये आकाशातून खरंच धातूची रिंग पडली, तरी कुणी मेलं नाही. २०१८ मध्ये खरं काहीच नव्हतं, तरी पाच माणसं गेली.

रील आली की काय करायचं?

१. दोन प्रश्न वेगळे करा. आकाशात काय दिसलं? माणूस कशाने गेला? पहिल्याचं उत्तर स्टेलॅरियम किंवा हेवन्स-अबव्हवर तारीख, वेळ आणि दिशा टाकून शोधा. दुसऱ्याचं उत्तर शवविच्छेदन अहवाल देतो. रीलमध्ये त्याचा उल्लेखच नसेल, तर 'गूढ' हा शब्द रील बनवणाऱ्याचा आहे.

२. व्हिडिओचा स्क्रीनशॉट गूगल लेन्सवर टाका. जुना किंवा परदेशातला असेल तर बऱ्याचदा सापडतो.

३. व्हॉट्सॲपवर दुहेरी बाण दिसतोय? म्हणजे तो मेसेज पाच किंवा जास्त वेळा पुढे ढकलला गेलाय. असा मेसेज एका वेळी एकाच चॅटमध्ये पाठवता येतो. २०१८ च्या घटनांनंतर भारतात आधी पाच चॅटची मर्यादा आली होती, २०२० मध्ये अशा मेसेजसाठी ती एकवर आली.

एवढं सगळं मी ग्रुपवर टाकलं. चुलतभावाचं उत्तर आलं, "बरं, पण मी फक्त फॉरवर्ड केलं होतं रे." मी त्याला राईनपाड्याची बातमी पाठवली. तिथेही बहुतेकांनी फक्त फॉरवर्डच केलं होतं. थोड्या वेळाने बघितलं, तर ग्रुपवरून रील गायब होती.