बुरशी लागलेल्या पेंडीचा दोष गवळ्याच्या माथी



इंग्रजी वृत्तसंस्थेची बातमी मराठीत उतरते तेव्हा तिच्यातले सगळे बिघडलेले पदार्थ एकाच भांड्यात ओतले जातात. मूळ मजकुरात अडल्टरेटेड असो, कन्टॅमिनेटेड असो की टेंटेड, मथळ्यात पुष्कळदा येते ते ‘भेसळयुक्त’. उपसंपादकाला त्या दिवशी वेगळे काही लिहावेसे वाटले, तर ‘दूषित’. इंग्रजीतली या शब्दांची वाटणी नुसती शोभेची नाही. कोणी केले, मुद्दाम की नकळत, आणि पैशासाठी की हलगर्जीपणाने, याचा अर्धा निवाडा तो शब्दच करून टाकतो. मराठीत ती वाटणी पुसली गेली की चूक नुसती भाषेची राहत नाही, कोणावर तरी आळ येतो.

दुधाचेच घ्या. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. युरिया, डिटर्जंट, हायड्रोजन पेरॉक्साइड अशी जिवाला अपाय करणारी भेसळ सापडली अवघ्या १२ नमुन्यांत. पण ‘अफ्लाटॉक्सिन एम-१’ हे विष मर्यादेपेक्षा जास्त निघाले ते ३६८ नमुन्यांत. हे विष दुधात कोणी ओतत नाही. शेंगदाण्याची किंवा सरकीची पेंड ओलसर जागी पडून राहते, तिला बुरशी लागते, ती पेंड गाय खाते, बुरशीचे विष गायीच्या शरीरात रूप पालटते आणि धारेवाटे चरवीत उतरते. दूध उकळले तरी ते जात नाही. इंग्रजीत ही दोन वेगळी प्रकरणे आहेत: पहिले अडल्टरेशन, दुसरे कन्टॅमिनेशन. मराठी वाचकाला मात्र दोन्हींचा अर्थ ‘गवळी लबाड’ एवढाच पोचतो. पेंड कुठे साठवली, किती दिवस साठवली, हा प्रश्न मग कोणी विचारतच नाही.

फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरणारे घन घटक) कमी भरलेले नमुने याहून कितीतरी अधिक होते. त्यात पाणी घातले होते की जनावराला चाराच धड मिळत नव्हता, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. तिथे ‘भेसळ’ हा शब्द पुराव्याआधीच निकाल लावतो.

आपला कायदाही हा भेद मानतो. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात अडल्टरंट आणि कन्टॅमिनंट या दोन्ही शब्दांच्या व्याख्या स्वतंत्र आहेत, आणि कन्टॅमिनंटच्या व्याख्येत तो पदार्थ अन्नात घातलेला असो वा नसो, अशी स्पष्ट तरतूद आहे. शेतात, गोठ्यात, कारखान्यात, बांधणीत किंवा वाहतुकीत आपोआप शिरलेलेही त्यात मोडते. शब्दांची कुळेसुद्धा हेच सांगतात. अडल्टरेट आणि व्यभिचाराला इंग्रजीत असलेला अडल्टरी हा शब्द, दोन्ही एकाच लॅटिन घरचे. दगा हा त्यांचा कुळाचार. कन्टॅमिनेटच्या मुळाशी आहे स्पर्श, कॉन्टॅक्टमध्ये आहे तोच.

हे दोन्ही अर्थ एकाच गोळीत सापडावेत, असा प्रकार इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड गावी १८५८ मध्ये घडला. साखर महाग होती, म्हणून पेपरमिंटच्या गोळ्यांत प्लास्टर ऑफ पॅरिससारखी एखादी स्वस्त पांढरी भुकटी मिसळण्याचा तिथे रिवाजच होता. ती भुकटी आणायला गेलेल्या माणसाला औषधविक्रेत्याच्या मदतनिसाने चुकून दुसऱ्याच पिंपातली पांढरी पूड दिली. ती सोमल होती. बाजाराच्या दिवशी गोळ्या विकल्या गेल्या, वीसेक माणसे दगावली आणि दोनशेच्या आसपास आजारी पडली. मिठाईवाल्याने केली ती भेसळ. माणसे मेली ती चुकीने. खटला उभा राहिला, पण शिक्षा कोणालाच झाली नाही. या प्रकरणानंतर दोनच वर्षांनी, १८६० मध्ये, ब्रिटनने भेसळविरोधी कायदा केला.

त्याच वर्षी आपल्याकडे भारतीय दंडसंहिता आली. तिचा मसुदा करणाऱ्यांनी ही क्रियापदे किती जपून वापरली ते पाहण्याजोगे आहे. अन्नासाठी अडल्टरेट, सार्वजनिक झऱ्यासाठी आणि तलावासाठी करप्ट आणि फाउल, हवेसाठी व्हिशिएट, देवळा-मशिदीसाठी डिफाइल. मराठीत यांना शब्द नाहीत असे कोणी म्हणू नये. अन्नात भेसळ होते, पाणी गढूळ होते, हवा बिघडते आणि देऊळ बाटते. ‘पाण्यात भेसळ’ म्हटले तर आजीसुद्धा हसेल. गंमत म्हणजे त्या संहितेप्रमाणे अन्न अपायकारक झाले तरच भेसळीचा गुन्हा लागे. दुधात स्वच्छ पाणी घालणारा त्या कलमातून सहीसलामत सुटे. त्याला पकडायला पुढे वेगळे कायदे करावे लागले.

पोल्यूट या शब्दाची कथा आपल्या अधिक जवळची आहे. आज तो नदीचा आणि धुराचा शब्द आहे. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यात पोल्यूशनची व्याख्या कन्टॅमिनेशनवरूनच केलेली आहे, पण त्याला उपद्रवाची किंवा अपायाची अट जोडली आहे. पाण्यात परके काही आले की कन्टॅमिनेशन, त्याने बाधा होण्याजोगी स्थिती झाली की पोल्यूशन. परंतु पर्यावरणाशी या शब्दाची सोयरीक अलीकडची, एकोणिसाव्या शतकापासूनची. त्याआधी कित्येक शतके त्याचा मुख्य अर्थ होता विटाळणे, अपवित्र करणे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले, आणि नंतर सनातन्यांनी पंचगव्य घालून तळे ‘शुद्ध’ करून घेतले. पाण्याच्या रसायनात काडीचा फरक पडला नव्हता. गुरेढोरे तर तिथे आधीपासूनच पाणी पीत होती. इंग्रजीत या कल्पनेलाही पोल्यूशनच म्हणतात. या एका ठिकाणी मराठी अधिक नेमकी आहे. ‘विटाळ’ आणि ‘प्रदूषण’ असे दोन शब्द हाताशी असल्याने तळे विटाळले असे मानणाऱ्याला ते प्रदूषित झाले होते असा आव आणता येत नाही. भाषांतरकाराने इंग्रजी पोल्यूशन पाहून जातिव्यवस्थेच्या लेखात ‘प्रदूषण’ लिहिले, तर हा आव तो स्वतःच आणून देतो.

डिबेसला, म्हणजे धातूचा कस उतरवण्याला, तर सराफकट्ट्यावर तयार शब्द आहे: हीण. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने १५४४ पासून नाण्यांतली चांदी घटवत नेली. वरचा चांदीचा थर झिजला की राजाच्या चेहऱ्यावर आधी नाकाचे तांबे उघडे पडे, आणि लोकांनी त्याला तांब्याच्या नाकाचा म्हातारा असे नाव पाडले. त्या नाण्यांना मराठीत हिणकस म्हणायचे. ‘भेसळयुक्त नाणी’ हे भाषांतर ऐकून कोणत्याही सोनाराच्या कपाळाला आठ्या पडतील. कारण हीण घालणे हा मुळात अपराध नाही. बावीस कॅरटच्या दागिन्यावर ९१६ चा छाप असतो, म्हणजे हजारातले उरलेले ८४ भाग दुसऱ्या धातूंचे, आणि ते उघड सांगून घातलेले.

टेंटचे मूळ रंगात आहे, म्हणून ‘डागाळलेला’ त्याच्या सर्वांत जवळ जातो. करप्टचे तर लोकांनी स्वतःच ठरवून टाकले आहे. अधिकारी भ्रष्ट होतो, फाईल ‘करप्ट’ होते. फाईल भ्रष्ट झाली असे कोणी म्हणत नाही. उलट आपल्या ‘उष्टे’ला इंग्रजीत सुटसुटीत शब्द नाही, तो समजावायला तिकडे आख्खे वाक्य खर्ची पडते.

हा निव्वळ शब्दच्छल आहे, सामान्य वाचकाला ‘खाऊ नका’ एवढे कळले की पुरे, असा आक्षेप येईल. तो अगदीच टाकाऊ नाही. साथ चालू असताना सावधानतेचा इशारा आधी, व्याकरण नंतर. पण इशाऱ्यासाठी ‘अपायकारक’ हा शब्द पुरेसा आहे, आणि तो कोणावर आळ घेत नाही. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलाने लोकांचे पाय सुजू लागले आणि साठहून अधिक माणसे मेली, तेव्हा तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल सापडले होते. ही बी मोहरीसारखीच दिसते, आणि पिवळा धोत्रा हे रानोमाळ वाढणारे तण आहे. थोडी बी कापणीतच मोहरीत येऊ शकते, आणि पोत्याने घातली तर ती घाण्यावरही येऊ शकते. असे तेल पुन्हा कुठे सापडले, तर ‘भेसळ’ असा मथळा लावण्याआधी बातमीदाराने अन्न व औषध प्रशासनाला एक फोन करून विचारावे: धोत्र्याचे तेल किती टक्के निघाले, आणि बी शेतातून आली की घाण्यावर?

— एक वाचक