कागदी घरांचे मोल

वास्तुविशारदाची कीर्ती बहुधा धनिकांच्या पैशावर उभी राहते. जपानच्या शिगेरू बान यांनी मात्र निराश्रितांनाही आपले ग्राहक मानले. १९९५ च्या भूकंपानंतर कोबे येथे त्यांनी वाळूने भरलेल्या बिअरच्या क्रेटांच्या पायावर कागदी नळ्यांची घरे उभारली. २००१ च्या भूकंपानंतर भूजमध्ये पायासाठी पडलेल्या इमारतींचाच राडारोडा वापरला. कोबेतील त्यांचे ‘तात्पुरते’ कागदी चर्च दहा वर्षे टिकले आणि पुढे तैवानात पुन्हा उभे राहिले. २०१४ साली त्यांना प्रित्झ्कर पारितोषिक मिळाले. पुनर्वसनाचा हिशेब सिमेंटच्या पोत्यांत मांडणाऱ्या शासनांनी यातून एवढा बोध घ्यावा: पक्के घर हवेच, परंतु ते मिळेपर्यंतचे दिवसही माणसालाच काढावे लागतात.