गावाचा नकाशा कोणाच्या हातात?

परभणीहून परळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पोखर्णी नृसिंह हे स्थानक लागते. नृसिंहाच्या मंदिरामुळे पोखर्णीचे नाव मराठवाड्यात सर्वांना ठाऊक आहे. गावाची ओळख विचारली की मंदिर सांगितले जाते, स्थानक सांगितले जाते, काळी कसदार जमीन सांगितली जाते. परंतु पोखर्णी असो की मराठवाड्यातले दुसरे कोणतेही गाव, कोणाची वस्ती कोणत्या बाजूला आहे, गायरान कोण कसतो, कोणाच्या प्रेताला कोणती वाट मिळते, हे त्या ओळखीत येत नाही. आम्हाला आज त्याविषयीच बोलायचे आहे. कारण गावाचा नकाशा हा जातीचा सर्वात जुना दस्तऐवज आहे आणि तो अजून रद्द झालेला नाही.

गावगाड्याने जमिनीची वाटणी मोठ्या हिशेबाने केली. मधोमध गावठाण, भोवती गावकूस, त्यापलीकडे काळी रान, आणि कुसाबाहेर महारवाडा, मांगवाडा. तोही बहुधा पूर्वेला, म्हणजे पश्चिमेकडून येणारा वारा आधी गावावरून जाईल आणि मग अस्पृश्यांच्या वस्तीवर येईल. ओढ्याला वरचा घाट गावाचा, खालचा आमचा. ही रचना कोणा देवाने केली नाही, पावसापाण्याने केली नाही. ती माणसांनी केली, आणि जे माणसांनी केले ते माणसांना बदलता येते, हाच आमच्या चळवळीचा पाया आहे.

पोखर्णी हे नाव पुष्करिणी या शब्दाच्या कुळातले. पुष्करिणी म्हणजे हातांनी खोदून बांधलेले तळे. या देशात तळी खोदणारे, दगड फोडणारे, माती वाहणारे हात कोणाचे होते? आणि तळे भरल्यावर काठावर उभे राहण्याची मनाई कोणाला होती? २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले, तेव्हा त्यांनी केवळ पाण्याचा हक्क मिळवला नाही. गावातली सार्वजनिक जागा कोणाची, हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदा उघड्यावर मांडला.

पुढे १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात त्यांनी मुळालाच हात घातला. अस्पृश्य गावाबाहेर का राहतात, हा प्रश्न त्यांनी संशोधनाचा विषय केला. जो प्रश्न पंडितांना कधी पडला नाही, तो त्यांना पडला. त्याआधी मार्च १९४७ मध्ये घटना समितीसाठी तयार केलेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी सरकारी पडीक जमिनींवर अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहती वसवाव्यात व त्यासाठी वसाहत आयोग नेमावा, अशी मागणी केली होती. जमिनीशिवाय स्वातंत्र्य नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

बाबासाहेबांनी ही गोष्ट मराठवाड्याच्या मातीत करूनही दाखवली. १९५० साली औरंगाबादेत पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले. शहराबाहेरच्या ओसाड माळावर नागसेनवन उभे राहिले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते मिलिंदच्या इमारतीची कोनशिला बसली. परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबादच्या कुसाबाहेरची मुले त्या माळावर शिकली आणि त्यांनी मराठवाड्याचा चेहरा बदलला. जागा हाती आली की माणसे काय करतात, याचे नागसेनवनाहून मोठे उदाहरण आम्हाला माहीत नाही.

जमिनीचा हा लढा कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी पुढे नेला. १९५३ साली मराठवाड्यात भूमिहीनांनी पडीक जमिनींसाठी सत्याग्रह केला. १९५९ साली पुन्हा लढा उभा राहिला. ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर झालेल्या सत्याग्रहात लाखोंनी तुरुंग भरले. त्या रेट्यामुळेच पुढे गायरान कसणाऱ्यांची दखल सरकारला घ्यावी लागली. १९७८ च्या आणि त्यानंतर २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीयांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. कागदावर ठरले! प्रत्यक्षात किती हातांना सातबारा मिळाला, हे गावोगावच्या भूमिहीनांना विचारा. आजोबांनी दगड वेचून, काटेकुटे जाळून माळ पिकता केला, नातू आजही ‘अतिक्रमणधारक’ म्हणूनच ओळखला जातो. त्याच्या पत्र्याच्या पेटीत उतारा नाही, दंडाच्या पावत्या आहेत.

२८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला. त्या निकालात एक अपवादही आहे. भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शासनाने पट्ट्याने दिलेल्या जमिनी, तसेच जेथे शाळा, दवाखाना अशी सार्वजनिक सोय आहे त्या जागा, यांचा अपवाद म्हणून विचार करता येईल, असे न्यायालयाने म्हटले आहे. तलाठी नोटीस घेऊन येतो तेव्हा निकाल सांगतो, अपवाद सांगत नाही. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानावरील अतिक्रमणे काढण्यास सांगितले आणि नोव्हेंबरमध्ये खेड्यापाड्यांत नोटिसांचा पाऊस पडला. पिढ्यान्‌पिढ्या राहणारी घरे एका कागदाने बेकायदा झाली.

आता पुढचे पाहा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शासकीय व गायरान जमिनी सौर प्रकल्पांना नाममात्र भाड्याने दिल्या जात आहेत. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळाली पाहिजे, याला आमचा विरोध नाही. परंतु एकच गायरान भूमिहीनाने कसले तर अतिक्रमण आणि कंपनीने पत्रे लावले तर विकास, हा कोणता न्याय? गायरान जर गुरांसाठीच राखायचे असेल तर तो नियम सर्वांना लावा. आणि ते दुसऱ्या कामासाठी देता येत असेल, तर पहिला हक्क ज्याला इंचभर जमीन नाही त्याचा आहे.

गावठाणाचीही तीच कथा आहे. २४ एप्रिल २०२० रोजी जाहीर झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजली जात आहेत आणि घरमालकांना मालमत्ता पत्रके दिली जात आहेत. चांगली गोष्ट आहे. पण मोजणी होते ती गावठाणाची! जे घर गावठाणाच्या रेषेबाहेर गायरानात आहे, त्याचे काय? काल गावकूस दगडमातीचे होते, आज ते आकाशातून आखले जात आहे. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. महारवाड्याचे भीमनगर झाले, त्याचे स्वागतच आहे. परंतु पाटी बदलली आणि जागा तीच राहिली, तर अर्धेच काम झाले.

हा प्रश्न खेड्यापुरता आहे, असे कोणी समजू नये. पोखर्णीचा माणूस रेल्वेने परभणीत उतरतो, तर स्थानकासमोर बाबासाहेबांचा पुतळा दिसतो. शहरात आलेल्या आमच्या माणसांनी चौक मिळवले, पुतळे उभारले, कारण शहरातली सार्वजनिक जागा आमचीही आहे हे सांगण्याचा तोच मार्ग होता. १० डिसेंबर २०२४ रोजी त्याच पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद झाला, हिंसाचार झाला आणि पोलिसांनी आमच्या वस्त्यांत शिरून धरपकड केली. कायद्याचे शिक्षण घेणारा भीमसैनिक सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. पोलीस कोणत्या गल्लीत शिरले, हे पाहिले की शहरातही महारवाड्याचा नकाशा जिवंत आहे हे कळते. चौक आमचा आहे, हे म्हणण्याची किंमत आजही जिवाने मोजावी लागते.

मग करायचे काय? जयंतीच्या मिरवणुकीसाठी आपण वर्गणी काढतो, त्याच उत्साहाने आपल्या गावाचे कागद काढले पाहिजेत. भूमी अभिलेख कार्यालयातून गावठाणाचा नकाशा घ्या आणि आपली वस्ती रेषेच्या आत आहे की बाहेर, ते पाहा. बाहेर असेल तर गावठाणाची हद्द ठरवण्याचा अधिकार जमीन महसूल संहितेच्या कलम १२२ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना आहे, तेथे सामुदायिक अर्ज द्या. तलाठ्याकडे गाव नमुना एक-ई असतो, त्यात अतिक्रमणांची नोंद असते. आपल्या कसणाऱ्यांची नावे त्यात आहेत का, कोणत्या सालापासून आहेत, त्याची नक्कल घ्या. दंडाच्या जुन्या पावत्या, पंचनामे फेकू नका, तोच आपला पुरावा आहे. स्मशानभूमी आणि तिच्याकडे जाणारा रस्ता कागदावर नोंदला आहे का, ते तपासा, म्हणजे प्रेत अडवून धरण्याची हिंमत कोणाला होणार नाही. गायरान सौर प्रकल्पाला देण्याचा विषय ग्रामसभेत आला, तर घरी बसू नका. बायाबापड्यांसह जा, बोला आणि आपले म्हणणे इतिवृत्तात लिहून घ्या.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हे आपण रोज म्हणतो. त्यातल्या शिकण्यामध्ये आता नकाशा वाचणे आणि उतारा वाचणे आले पाहिजे. आपल्या पूर्वजांना गावाची वेस राखायला लावली, पण वेशीच्या आत जागा दिली नाही. ती जागा कोणी दयेने देणार नाही. ती संविधानाने दिलेल्या हक्काने, कागदाने आणि एकजुटीने घ्यावी लागेल. जयभीम!