रडू थांबले, म्हणजे रुळले?



नवे सत्र सुरू झाले की आपल्या शिशुवर्गाच्या दाराशी दरवर्षी रडारड होते. आई फाटकाबाहेर, पोर आत, मध्ये आपल्या बाई. आठवडाभरात सारे शांत होते आणि आपण म्हणतो, "रुळलं हो पोर!" या रुळण्याविषयीच थोडे लिहायचे आहे, कारण विश्वस्तांच्या पुढच्या बैठकीत त्यावर एक प्रस्ताव येणार आहे.

मनोविश्लेषणाच्या क्षेत्रात विल्फ्रेड बिऑन हे मोठे नाव. जन्म १८९७ चा, आपल्या मथुरेतला. वडील इंग्रज इंजिनिअर, मुलाला सांभाळायला आया. आठव्या वर्षी त्यांना विलायतेत बोर्डिंगात धाडले. १९७९ मध्ये ते वारले, पण भारतात परत येणे काही झाले नाही.

बिऑन यांचे म्हणणे असे, की भावना तयार होऊन जन्माला येत नाही. तान्ह्या बाळाला पोटात कळ येते, एकटे वाटते. पण ही भूक, ही भीती असे त्याला कळत नाही. नुसता कल्लोळ असतो, आणि तो ते रडून बाहेर टाकते. आई तो कल्लोळ आपल्या मनात घेते, स्वतः न घाबरता. "भूक लागली होय माझ्या सोन्याला?" असे म्हणत ती तो बाळाला सोसेल असा करून परत देते, घास मऊ करून भरवावा तसा. हे पुन्हा पुन्हा घडले की बाळाचे मन हळूहळू तेच काम स्वतः करू लागते. १९६२ मध्ये त्यांनी हा विचार पुस्तकरूपाने मांडला. मेलनी क्लाइन यांनी त्याआधीच पुढची पायरी दाखवली होती. जिचा राग आला ती आणि जिने जवळ घेतले ती आई एकच, हे मुलाला उमगते आणि रागाच्या शेजारी काळजी येऊन बसते. मनाची घडी अशी बसत जाते.

यात शब्दांचा वाटा मला फार मोठा वाटतो. माझे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, तरी 'चुटपुट' आणि 'हुरहुर' यांना नेमका हिंदी शब्द मला आजही चटकन सुचत नाही. ज्या शब्दात ती भावना घरी मिळाली, त्यातच ती राहिली. म्हणून रडणाऱ्या मुलाशी वर्गात घरच्या बोलीत बोलावे. 'डोंट क्राय' त्याच्या कितीसे कामाचे?

आता रुळण्याचे. १९५२ मध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी इंग्लंडमधील एका रुग्णालयात दाखल झालेल्या दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपट केला. तेव्हा तिथे आईवडिलांना मुलांजवळ फारसे थांबू देत नसत. अशी मुले आधी आकांत करतात, मग खचतात, मग गप्प होतात, हे रॉबर्टसन यांनी पाहिले होते. त्या गप्प होण्यालाच परिचारिका 'सावरले' म्हणत. खरे तर मूल आतून मिटलेले असे. पुढे १९५९ मध्ये तिथल्या सरकारी समितीनेच आईवडिलांना मुलांना केव्हाही भेटू द्यावे अशी शिफारस केली.

शाळेतले तीन तास म्हणजे रुग्णालयातला मुक्काम नव्हे, हे मान्य. पण तीन वर्षांच्या मुलाला घड्याळ कळत नाही. प्रस्ताव असा: पहिले दोन आठवडे आई, बाबा किंवा आजी यांनी वर्गात बसावे, मग व्हरांड्यात, मग फाटकाशी, आणि शिशुवर्गाला एक मावशी वाढवावी. खर्चाची अडचण खरी आहे, जागेचीही. "मुलं लाडावतील" हा आक्षेप मात्र मला पटत नाही. ज्याचे रडणे कुणी ऐकून घेतले ते मूल लवकर हात सोडते, असा बालवर्गाच्या बाईंचाही अनुभव आहे.

नोकरीमुळे ज्यांना थांबता येणार नाही, त्यांनी आजी-आजोबा किंवा शेजारच्या काकूंचे नाव कार्यालयात कळवावे. आठवी-नववीच्या मुलामुलींनो, मधल्या सुट्टीत धाकट्या भावंडांकडे जायला तुम्हालाही परवानगी राहील. मात्र गोळ्या-चॉकलेटे नेऊ नका.