साधना साहेबांची, हजेरी सगळ्यांची

नेमणुकांतले व्यवहार, गटबाजी, कॉपी या साऱ्यांवर हल्ली एकच रामबाण उपाय सांगितला जातो : प्राचार्य, कुलगुरू आध्यात्मिक वृत्तीचे हवेत. देवाला भिणारा माणूस पैसे खाणार नाही, असा त्यामागचा हिशेब.

तो पुण्यातच चुकला आहे. 1892 ते 1895 या काळात फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य होते अज्ञेयवादी गोपाळ गणेश आगरकर. 1902 साली त्याच खुर्चीवर रँग्लर परांजपे आले आणि जवळजवळ दोन तपे राहिले. केंब्रिजचे सीनियर रँग्लर, तरी पगार डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्याचा, म्हणजे तुटपुंजाच. उघड बुद्धिवादी असूनही पुढे लखनौचे आणि पुण्याचे कुलगुरू झाले. या दोघांच्या निर्लोभीपणाला कोणत्या देवाचा जामीन होता?

‘अध्यात्म म्हणजे धर्म नव्हे’, हे ठरलेले उत्तर. ठीक. मग त्यात सचोटीपलीकडे काय उरते? काहीच नसेल, तर सचोटीच म्हणा. काही उरत असेल, तर ते न मानणाऱ्या प्राध्यापकाने काय करायचे? साहेबांच्या सत्संगाचे निमंत्रण ऐच्छिक असते, असे ज्याची बढती अडलेली नाही तोच म्हणू शकतो. अनुदानित आणि मान्यताप्राप्त संस्थांत संमतीशिवाय कुणाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, असे संविधानाचे 28वे कलम सांगते. पण गोपनीय अहवालाच्या धाकाने मिळालेल्या संमतीला ते काय करणार? आणि तासिका तत्त्वावर राबणाऱ्या, मानधन रखडलेल्या शिक्षकासाठी ‘तणावमुक्ती ध्यानशिबिर’ भरवणे हा तर शुद्ध निलाजरेपणा आहे.

इथवर वाचून बुद्धिवादी मित्र खूश झाले असतील, तर थोडे थांबा. याच फर्ग्युसनमध्ये तत्त्वज्ञान शिकवणारे गुरुदेव रानडे नामसाधक होते आणि अलाहाबाद विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. उपनिषदांवरचा त्यांचा 1926चा ग्रंथ ग्रीक तत्त्वज्ञांशी तुलना करत, युक्तिवादाने पुढे जातो. त्याच्याशी भांडायला आधी नाम घ्यावे लागत नाही. अध्यात्माची खरी जागा इथे दिसते. दिवसभर ‘सर, सर’ ऐकणाऱ्या माणसाला साधना अशा ठिकाणी नेऊन बसवते, जिथे त्याची सही चालत नाही. वारीत माळकरी एकमेकांच्या पाया पडतात, तेव्हा समोरच्याचा हुद्दा विचारत नाहीत. ही सवय दालनात आली, तर लेखनिकाची हरकत ऐकून घेतली जाईल आणि नावडत्या उमेदवाराची गुणवत्ताही दिसेल. नियमांनी अन्याय पकडता येतो. अन्याय करण्याआधी हात मागे घेणे मात्र नियम शिकवत नाहीत. ते बुद्धिवाद्याला विवेकातून साधते, भक्ताला नामातून. संस्थेने त्यांच्या वाटेची चौकशी करू नये.

म्हणून कुलगुरू निवडीच्या मुलाखतीत गुरू कोण, ध्यान किती वेळ, हे विचारू नका. तुमच्याविरुद्ध जाहीरपणे बोललेल्या प्राध्यापकाच्या बढतीची फाइल तुमच्या टेबलावर किती दिवस पडून होती, एवढे विचारा.