जाहीर आवाहन : गाठीचा ब्लॉक कुठे आहे, ते विचारा

पोटातली मोठी गाठ काढली, रिपोर्टवर 'सार्कोमा' लिहून आले, आणि घरातल्यांनी फाइल कपाटात ठेवली. अशा प्रत्येक कुटुंबाला आमची कळकळीची विनंती : ही गाठ 'जिस्ट' नाही ना, याची तपासणी झाली का, हे विचारा.

जिस्ट, म्हणजे गॅस्ट्रोइंटेस्टायनल स्ट्रोमल ट्यूमर, हा सार्कोमाचाच एक प्रकार. ती बहुतेकदा जठरात किंवा लहान आतड्यात होते. क्वचित मात्र ती पचनमार्गाच्या बाहेरच वाढते. आतड्यांवर पसरलेल्या चरबीच्या पडद्यात, आतड्यांना धरून ठेवणाऱ्या पडद्यात किंवा पाठीच्या कण्यापुढच्या जागेत. तिथे ऐसपैस जागा असल्याने ती बरीच मोठी होईपर्यंत त्रास देत नाही. बायकांमध्ये कधी ती अंडाशयाची गाठ वाटते, तर सूक्ष्मदर्शकाखाली स्नायूच्या कर्करोगासारखी दिसू शकते. सीडी-११७ आणि डॉग-१ या चाचण्या केल्या की उलगडा होतो.

हा उलगडा व्हायलाच हवा, कारण नेहमीच्या केमोथेरपीला जिस्ट फारशी दाद देत नाही. ती दाद देते इमॅटिनिब या गोळीला. १९९८ साली जपानी संशोधकांनी 'किट' जनुकातला बिघाड दाखवून दिला. २००० साली फिनलंडमध्ये एका रुग्ण महिलेला इमॅटिनिब दिले गेले आणि तिच्या गाठी आक्रसल्या. आपल्याकडे हे औषध स्वस्तात मिळत राहिले, त्यात या औषधावरील पेटंटचा दावा फेटाळणाऱ्या १ एप्रिल २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा मोठा वाटा आहे. मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन त्या खटल्यात रुग्णांच्या बाजूने उभी होती.

म्हणून गाठीचा मेणात जपलेला तुकडा, म्हणजे ब्लॉक, आणि स्लाइड प्रयोगशाळेकडून मागून घ्या, उन्हापासून जपा आणि कर्करोग रुग्णालयात पुन्हा तपासून घ्या. म्युटेशनची, म्हणजे जनुकातल्या बिघाडाची, चाचणीही त्याच ब्लॉकवर होते. ती टाळू नका. काही बिघाडांत इमॅटिनिबचा डोस वाढवावा लागतो, आणि पीडीजीएफआरए जनुकातल्या एका विशिष्ट बिघाडात ते लागूच पडत नाही.

शल्यचिकित्सकांनाही विनंती : गाठ पोटात फुटू देऊ नका. फुटली तर ती पुन्हा उद्भवण्याची भीती फार वाढते.

आणि ज्यांची गोळी सुरू आहे त्यांनी, डोळ्यांभोवती सूज आली, पायात गोळे आले, की परस्पर बंद करू नये. धोका जास्त असलेल्या रुग्णांना ऑपरेशननंतर साधारण तीन वर्षे ती घ्यावी लागते. त्रास डॉक्टरांना सांगा, त्यावर उपाय असतात. पैशांची अडचण असेल तर रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात जा, पण गोळी संपण्याआधी जा.