फिटनेस सर्टिफिकेटवर रक्ताचा रकाना कुठे आहे?

दर वर्षी पावसाळा लागला की कॉलेजची मुलं हातात छापील कागद घेऊन दवाखान्यात येतात. "सिस्टर, डॉक्टरांची सही पाहिजे, उद्या फॉर्म भरायचाय." कागदावर दोन ओळी असतात. अमुक विद्यार्थ्यास तपासले, तो फुटबॉल खेळण्यास शारीरिकदृष्ट्या सक्षम आहे. नोकरीत असताना असे कागद मी गठ्ठ्याने डॉक्टरांच्या टेबलावर ठेवले आहेत. नाडी बघायची, जमलं तर बीपी, गर्दी असेल तर तेही नाही. सही, शिक्का, पुढचा. त्या शिक्क्याची शाई माझ्याही बोटांना लागलेली आहे, म्हणून हा विषय आरोग्याच्या पानावर घेते आहे.

जव्हार-मोखाड्यातल्या कॉलेजच्या संघाचा हंगाम कसा असतो, ते शहरातल्या वाचकांना सांगायला हवं. जूनमध्ये प्रवेश, जुलैमध्ये निवड, पावसातच सराव, आणि त्यापुढे आंतरमहाविद्यालयीन सामने. बहुतेक संघांचा खेळ दिवाळीच्या आसपास आटोपतो. आता हेच महिने घराच्या बाजूने बघा. होळीनंतर, पावसाच्या तोंडावर वीटभट्टीवरून आणि बांधकामावरून माणसं परत आलेली असतात. आणलेला पैसा बियाणं, खत आणि उधारीत जातो. आषाढ-श्रावणात कणगीचा तळ दिसायला लागतो. नवं भात यायला दसरा-दिवाळी उजाडते. मधल्या काळात आवणी. सकाळी मैदानावर पळालेला पोरगा सुट्टीच्या दिवशी दिवसभर चिखलात वाकलेला असतो. म्हणजे आमच्याकडे फुटबॉलचा हंगाम आणि पोटाच्या टंचाईचा हंगाम एकाच वेळी येतात. हे वेळापत्रक ठरवणाऱ्यांना ठाऊक नसेल, पण आम्हा नर्सबायांना ओपीडीच्या रजिस्टरवरून कळतं.

मग सामन्यात जे व्हायचं ते होतं. पहिल्या अर्ध्यात आमची मुलं कुणालाही भारी पडतात. डोंगर चढून शाळेत गेलेली पोरं आहेत, पायात ताकद आहे, चेंडू पायाला चिकटलेला असतो. मध्यंतरानंतर पाय जड होतात, गोल खातात, हरून येतात. परतीच्या एसटीत कुणीतरी म्हणतंच, "आदिवासी पोरांना स्टॅमिना नाही." एकदा मी विचारलं, सामन्याच्या दिवशी काय खाल्लं होतं? पहाटेच्या गाडीला निघताना काळा चहा आणि बिस्किटं. त्याआधी रात्री भात आणि पातळ डाळ. तेवढ्यावर नव्वद मिनिटं खेळायचं.

स्टॅमिना म्हणजे शेवटी रक्ताने स्नायूंना पोचवलेला प्राणवायू. तो वाहून नेतं हिमोग्लोबिन. प्रौढ पुरुषात ते १३ च्या खाली आणि स्त्रीत १२ च्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात. नऊवर आलेला मुलगा वर्गात बसलेला धडधाकट दिसतो. चाळिसाव्या मिनिटाला मात्र त्याचं हृदय दुप्पट धावूनही मागणी पुरी करू शकत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुली आणि ३१ टक्के मुलगे रक्तक्षयी आढळले. मुलग्यांचा आकडा लोकांना ठाऊकच नसतो. शाळेत दर आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते. बारावी झाली की ती बंद, आणि नेमका तेव्हाच मुलगा कॉलेजच्या संघात जातो. (मुलींचा संघ उभा करताना काय काय आडवं येतं, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. मी तो लिहिणार आहे.)

आणि ही मुलं कुणाची? १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत शंभराहून अधिक बालकं कुपोषणाने आणि आजाराने दगावली, तेव्हा राज्य हादरलं. त्या वेळी जी बालकं वाचली, त्यांची मुलं आज कॉलेजात आहेत. आईचं वजन कमी, म्हणून बाळाचं वजन कमी, अशी ही साखळी चालत आलेली आहे. एका हंगामात ती तुटणार नाही. पण निदान तिच्यावर 'सक्षम' असा शिक्का मारू नये.

आता रक्तातल्या दुसऱ्या गोष्टीकडे येते. या लेखामागचं खरं कारण तेच आहे.

दसऱ्याच्या आधीचा एक सामना होता. मोखाड्याकडच्या एका पाड्यावरचा मुलगा, बाजूने पळणारा, संघातला सगळ्यात वेगवान. साठाव्या मिनिटाला तो खाली बसला. म्हणाला, पाय राहिले नाहीत. पेटका आला नव्हता, ओरडला नव्हता, नीट बोलत होता. बाहेरून आवाज आला, "उठ, नाटकं करू नको." तो उठला, पळाला, पुन्हा बसला. संध्याकाळी लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली. त्याच्या मित्राने मला फोन केला म्हणून तो त्याच रात्री दवाखान्यात पोचला आणि सलाईनवर वाचला. तपासणीत निघालं, सिकलसेलचा वाहक. 'एएस'.

वाहक आणि रुग्ण यांत फरक आहे आणि तो घरोघरी पाठ व्हायला हवा. आई आणि वडील दोघांकडून सिकलचं जनुक आलं तर 'एसएस', तो रुग्ण. त्याला सांधेदुखी, वारंवार रक्त उतरणं हे आयुष्यभर सांभाळावं लागतं आणि त्याने खेळायचं तर डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. एकाकडूनच जनुक आलं तर 'एएस', तो वाहक. तो आजारी नसतो. उलट गंभीर मलेरियापासून त्याला काही प्रमाणात संरक्षण मिळतं. म्हणूनच हे जनुक मलेरियाच्या मुलखात पिढ्यान् पिढ्या टिकलं. मात्र पाणी कमी, ऊन किंवा दमट हवा, आणि सवय नसताना एकदम जोराचा व्यायाम असं सगळं एकत्र आलं, तर वाहकाच्या लाल पेशीही वाकड्या होऊ शकतात आणि स्नायू फुटायला लागतात. लघवी काळी होते ती त्यामुळे.

अमेरिकेत हे एका कॉलेजच्या खेळाडूच्या मृत्यूनंतर सगळ्यांच्या डोळ्यांवर आलं. २००६ च्या सप्टेंबरमध्ये राइस विद्यापीठाच्या फुटबॉल संघातला १९ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा, शंभर-शंभर यार्डांच्या सोळा धावा केल्यावर कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. (त्यांचा फुटबॉल हाताने खेळतात, आपला नव्हे, पण रक्त तेच.) तो वाहक होता. २०१० पासून तिथल्या वरच्या श्रेणीतल्या कॉलेज खेळाडूंसाठी ही तपासणी नियमात आली. यावर रक्तविकारतज्ज्ञांच्या अमेरिकी संघटनेनेच आक्षेप घेतला. त्यांचं म्हणणं, तपासणीच्या नावाखाली काळ्या मुलांवर शिक्का बसेल. त्यापेक्षा पाणी, विश्रांती आणि हळूहळू वाढवलेला सराव हे सगळ्याच खेळाडूंना सक्तीचं करा. पुढे २०१६ मध्ये अमेरिकी सैन्यातल्या सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांच्या नोंदींचा अभ्यास आला. तिथे पाणी-विश्रांतीचे नियम सगळ्यांना लागू होते. वाहकांमध्ये मृत्यूचं प्रमाण इतरांहून जास्त निघालं नाही. स्नायू फुटण्याचा धोका मात्र दीडपटीच्या आसपास होता.

तो आक्षेप मला पटतो, कारण आमच्या मुलाचं पुढे काय झालं ते मी पाहिलं. पुढच्या वर्षी निवडीच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. "रिस्क कशाला?" असं कुणीतरी म्हणालं आणि विषय संपला. पाड्यावर चर्चा सुरू झाली की याचं रक्त खराब आहे. आई मला विचारायला आली, ताई, त्याला पोरगी कोण देईल? जो रिपोर्ट त्याचा जीव वाचवायला काढला, त्यानेच त्याला मैदानाबाहेर बसवलं. रक्तावरून माणसाला वेगळं बसवणं आपल्याला काही नवीन नाही.

आणि हा प्रश्न फक्त आदिवासींचा आहे असं मानून कुणी हे पान उलटू नये. विदर्भात, नागपूर परिसरात, आपल्या बौद्ध समाजात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे आणि १९५० च्या दशकापासून डॉक्टरांनी ते नोंदवून ठेवलं आहे. त्याच नागपुरात हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांना एकत्र करून फुटबॉलचे सामने भरवले. नागराज मंजुळेंचा २०२२ चा 'झुंड' त्यांच्यावरच बेतलेला. आपल्यापैकी अनेकांनी तो टाळ्या वाजवत पाहिला. मीही वाजवल्या. पण झुंडीला मैदान मिळालं की पुढचा प्रश्न तिच्या रक्ताचा आणि ताटाचा येतो, आणि त्याला टाळ्या मिळत नाहीत.

माझं म्हणणं असं. तपासणी व्हावी, ती निवडीच्या आधी व्हावी आणि तिच्यामुळे कुणाचंही नाव कापलं जाऊ नये. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरलेली आहे. कॉलेजची मुलं त्या वयात बसतात, तपासणी मोफत आहे. पहिली चाचणी सोल्युबिलिटीची. ती पॉझिटिव्ह आली तरी घाबरायचं नाही, कारण वाहक की रुग्ण हे पुढच्या इलेक्ट्रोफोरेसिसच्या चाचणीतच ठरतं. अर्ध्या रिपोर्टवर निर्णय घेऊ नका. त्याच सुईत हिमोग्लोबिनही बघता येतं. कमी निघालं तर डॉक्टरांना दाखवून लोहाच्या गोळ्या घ्या. गोळी आणि चहा एकत्र नको, चहा लोह अंगी लागू देत नाही. वर लिंबू पिळलेली भाजी चालेल. नागलीची भाकरी, सुकट, अंडं, पावसाळ्यातल्या रानभाज्या हे सगळं आमच्याच घरचं आहे. फक्त सरावाच्या आधी आणि नंतर ते मुलाच्या पुढ्यात यायला हवं. वसतिगृहात नाश्ता आठला आणि सराव सहाला असेल तर एकाची वेळ बदलावी लागेल.

मैदानावरच्या सरांना एकच विनंती. पेटका नाही, तरी मुलगा बसला आणि पाय गेले म्हणाला, तर त्याला उठवू नका. सावलीत घ्या, पाणी द्या, अंग गार करा आणि गाडी बोलवा. ओरडून उठवलेल्या मुलाची लघवी काळी झालेली मी पाहिली आहे.

यंदा एका कॉलेजच्या सरांनी स्वतःहून फोन केला. निवडीच्या आधी रक्त तपासायची तारीख ठरली. मग त्यांनी विचारलं, रिपोर्ट नोटीस बोर्डावर लावू का, सगळ्यांना एकदम कळेल? मी म्हटलं, सर, बंद पाकिटात, ज्याचं त्याच्या हातात. ते जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, पाकिटं किती लागतील? मी सांगितलं, बावीस. तो मागच्या वर्षी कापलेला मुलगा धरून.